शांत बाळाचं बक्षीस

वजनकाट्याच्या तागडीत ठेवलेलं प्रत्येक बाळ रडत होतं. पत्रा गार होता, अंगावर कपडा नव्हता आणि भोवती अनोळखी माणसांची गर्दी. इंदुताईंना त्या रडण्याचा त्रास होत नव्हता. त्या बारा वर्षं नर्स होत्या, त्यातली चार चिंचवडच्या छोट्या प्रसूतिगृहात. रडण्यावरून मुलाची छाती, पोट, भूक सगळं कळतं, असं त्या नव्या आयांना सांगत. तिसाव्या की एकतिसाव्या नंबरचं बाळ तागडीत ठेवलं तेव्हा मात्र काहीच आवाज झाला नाही.

साल छप्पन्नचं, मार्च महिना. महिला समितीनं शाळेच्या पटांगणात सुदृढ बालकांचं प्रदर्शन भरवलं होतं. अध्यक्ष होत्या कौशल्याबाई, ठेकेदार दौलतराव यांच्या पत्नी. पिंपरीच्या माळावर मुंबई रस्त्यालगत एक नवा कारखाना उभा राहत होता, त्याच्या बांधकामाचा ठेका दौलतरावांकडे होता. आपल्या कामावरच्या मजूर बायकांची मुलंही प्रदर्शनात असावीत, असं कौशल्याबाईंच्या मनात आलं होतं. म्हणून रंगराव मुकादम सकाळीच ट्रकमधून पाच बायका आणि पाच बाळं घेऊन आला होता. बायका धुतलेली लुगडी नेसून एका रांगेत बसल्या होत्या आणि कुणी काही विचारलं की आधी रंगरावाकडे बघत होत्या.

"साडेतेरा पौंड," इंदुताईंनी आकडा सांगितला. मुलगी आठ महिन्यांची होती. चेहरा गोल आणि सुजल्यासारखा, हातपाय मात्र बारीक. तिनं ना पाय झाडले, ना हात.

"बघा, किती गुणाची पोर," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमच्या आळीतल्या मुलांनी शाळा डोक्यावर घेतली आणि ही बघा."

इंदुताईंनी मुलीचा हात उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला. मग त्यांनी तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी होती. ऊन असेल म्हणून त्यांनी तळहातानं डोळ्यांवर सावली धरली आणि थोडं थांबल्या. बाहुली मोठी झाली नाही.

"हिला काय दिलंय?" त्यांनी आईला विचारलं.

आई वीस-बावीस वर्षांची होती. नाव कुशा. बीडकडच्या पाटोद्याची. "काय न्हाई, बाई. दूध," ती म्हणाली आणि रंगरावाकडे बघितलं.

परीक्षक म्हणून पुण्याहून एक डॉक्टर आले होते. इंदुताई हळूच त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, हिचे डोळे बघा."

डॉक्टर वाकले. त्यांनी पापणी उचलली, बघितलं आणि क्षणभर तसेच राहिले. त्यांना कळलं आहे, हे इंदुताईंना कळलं. मग डॉक्टर ताठ झाले, रुमालानं बोटं पुसली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"झोपाळू आहे मूल. पुढचं घ्या."

"ही झोप नाही, डॉक्टर."

"सिस्टर, मला साडेअकराची गाडी गाठायचीय. अजून नऊ मुलं आहेत."

कामावरच्या बाकीच्या चौघींची पोरंही पेंगत होती, पण इंदुताईंनी पुढचं मूल घेतलं. त्यानंतर अनेक वर्षं त्यांना स्वतःचं ते वागणं आठवलं की तोंड कडू होई. माझ्यासमोर डॉक्टर उभा होता, अध्यक्ष उभ्या होत्या, म्हणून मी पुढचं मूल घेतलं, असं त्या स्वतःशी म्हणत.

वजनं झाल्यावर कौशल्याबाईंचं भाषण झालं. मुलांना पाणी उकळून द्यावं. दर आठवड्याला नखं कापावीत. मूल पडलं तर धावत जाऊन उचलू नये, त्याला उठू द्यावं. पोलिसाचा किंवा बागुलबुवाचा धाक घालू नये, त्यानं मूल भित्रं होतं. ते भाषण इंदुताईंनीच लिहून दिलं होतं. आपले शब्द बाईंच्या तोंडून ऐकताना त्यांची नजर सारखी कुशाच्या मांडीकडे जात होती. तिथे ती पोर एका कुशीवर पडलेली होती आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर माशी चालत होती. पोरीनं तोंड हलवलं नाही.

बक्षिसं वाटली. शेवटी कौशल्याबाईंनी आयत्या वेळी एक खास बक्षीस जाहीर केलं: सगळ्यात शांत बाळाला पितळेची वाटी आणि चमचा. कुशाला पुढे बोलावलं. फोटोग्राफर काळ्या कपड्याखाली शिरला. पोरीचं डोकं आईच्या खांद्यावरून घरंगळत होतं, फोटोत चेहरा येईना. तेव्हा रंगराव मागून पुढे झाला आणि त्यानं दोन बोटांनी पोरीची हनुवटी वर धरली. फोटो निघेपर्यंत तशीच धरून ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इंदुताईंच्या हातात कुणीतरी पेढा दिला होता, तो त्यांनी पटांगणाच्या कडेला टाकून दिला. काटा, चादरी, नोंदवह्या आवरून होईपर्यंत ट्रक निघून गेला होता. त्यांनी पिशवी सायकलला अडकवली आणि पिंपरीच्या रस्त्याला लागल्या.

माळावर पोचल्या तेव्हा दुपार टळत होती. पायाचे खड्डे भरले होते, भिंती माणसाच्या उंचीच्या वर गेल्या होत्या. बायका डोक्यावर घमेली घेऊन फळ्यांवरून चढत होत्या. कामाच्या कडेला बांबूचा एक मांडव होता आणि त्याखाली जुन्या लुगड्यांच्या बारा झोळ्या टांगलेल्या होत्या. समितीच्या वतीनं इंदुताई दर महिन्याला इथे येऊन गेल्या होत्या. झोळ्यांतली निजलेली बाळं बघून त्यांना बरं वाटे. नोंदवहीत त्यांनी तीनदा लिहिलं होतं, "मुले शांत, तक्रार नाही." इतकंच नाही, तर चिंचवडच्या बायकांना त्या सांगत, मजूर बायकांकडून शिका, त्यांची मुलं तुमच्यासारखी किरकिरी नाहीत.

आज त्या मांडवाखाली उभ्या राहिल्या आणि नीट बघितलं. मांडवात आंबूस, शी-मुताची घाण सुटली होती. बाळं कधीची ओल्यात पडलेली होती आणि एकही कुरकुरत नव्हतं. माश्या डोळ्यांच्या कडांवर, नाकपुड्यांत, उघड्या तोंडांत बसल्या होत्या. बारा पोरांपैकी एकाचाही हात माशी हाकलायला उठत नव्हता. तीन महिने आपण ह्याला शांतपणा म्हणत होतो, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना भडभडून आलं. त्या मांडवाच्या खांबाला धरून ओकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि शेवटच्या झोळीकडे गेल्या.

कुशाची मुलगी तिथे होती. ओठ निळसर पडले होते. इंदुताईंनी घड्याळ काढून श्वास मोजले. मिनिटात सात. त्यांनी तिला बाहेर काढून फळीवर ठेवलं, बोटानं तोंड साफ केलं आणि आपलं तोंड तिच्या तोंडानाकावर ठेवून हलकेच फुंकर घातली. आंबलेलं दूध आणि त्याखाली एक कडवट, मातकट वास. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. अफू.

कुशा फळीवरून धावत खाली आली. मागोमाग रंगराव आला, पण तो धावत नव्हता.

"किती गोळ्या दिल्यास?" इंदुताईंनी फुंकरींच्या मधे विचारलं.

"रोज एक देते. आज मुकादमांनी दोन दिल्या. लोकांत रडू नये म्हनून."

"काय होतं त्यात, ठाऊक आहे तुला?"

कुशा म्हणाली, "ठावं हाय."

रंगराव म्हणाला, "बाई, एवढं काय झालं? निजलीय पोर. सांजच्याला उठंल."

"ही उठणार नाही," इंदुताई म्हणाल्या. "मला गाडी पाहिजे."

"ट्रक रेतीला गेलाय."

इंदुताईंनी पोरीला छातीशी धरलं आणि मुंबई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. देहूरोडकडून एक लष्करी ट्रक येत होता. ड्रायव्हरनं कर्णा वाजवला, त्या हलल्या नाहीत. गाडी थांबली. त्यांनी काय झालं ते सांगितलं. ड्रायव्हरनं पोरीकडे एकदा बघितलं आणि मागची फळी खाली पाडली. कुशाही चढली.

पुण्यापर्यंत इंदुताई पोरीच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या, श्वास लांबला की फुंकर घालत होत्या. कुशा समोर बसली होती. गाडी हिंदकळली की तिचा गुडघा इंदुताईंना लागे आणि त्या पाय आवरून घेत. ह्या बाईचा स्पर्शही त्यांना नको झाला होता. जाणूनबुजून आपल्या पोटच्या पोरीला विष चारणारी आई त्यांनी ह्याआधी बघितली नव्हती.

"ठाऊक होतं, तरी दिलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"न्हाई दिली तर ती रडती," कुशा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "ती रडली की मी खाली येते. खाली आले की मुकादम नाव खोडतो. ज्या बाया पोराला गोळी देत न्हाईत त्यान्ला कामावर घेतच न्हाई त्यो. पैल्या दिवशीच इचारतो, पोर रडकं हाय का म्हनून."

"सगळ्यांना तोच देतो?"

"सकाळी हजेरी घेताना. येकेकीच्या हातावर ठिवतो. त्याच्यादेखत चारायची." थोड्या वेळानं ती म्हणाली, "हिच्या आधी येक व्हती मला. मागल्या कामावर अशीच निजली. दुपारी पाजाया गेले तर गार. ह्याच मुकादमानं कापड आनून दिलं. रडला बी माझ्यासंगं."

कुशाच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत चालले होते. तिनं पदर ओढून घेतला.

"दूध दाटतं दिसभर," ती म्हणाली. "गोळीवर ती पीत न्हाई. सांजच्याला मातीत पिळून टाकते."

इंदुताईंनी मग पाय आवरले नाहीत. मघाशी त्या बाईविषयी जी शिसारी वाटली होती ती गेली असं नाही, पण ती सरकली. रंगरावाकडे, पुण्याच्या त्या डॉक्टरकडे आणि स्वतःच्या नोंदवहीकडे.

पुण्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी पोरीला इंजेक्शनं दिली, प्राणवायू लावला. संध्याकाळ व्हायच्या आत श्वास वीसवर आला. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले आणि बारीक, चिरका आवाज काढला. कुशा दचकली. पोरीचा आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. इंदुताईंनी त्या डॉक्टरांकडून सगळं कागदावर लिहून घेतलं आणि चिंचवडला परतल्या.

सगळ्यात आधी त्या कौशल्याबाईंच्या घरी गेल्या. कौशल्याबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. शेजारी वर्तमानपत्र पडलं होतं, त्यात प्रदर्शनाचा फोटो आला होता. कुशा, वाटी-चमचा आणि हनुवटीखाली दोन बोटं. बोटांचा मालक फोटोत दिसत नव्हता.

इंदुताईंनी सगळं सांगितलं. बारा पोरांबद्दल आणि मेलेल्या त्या एका पोरीबद्दल.

कौशल्याबाईंनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण इंदुताई, त्या लोकांत चालतं हे. आणि खरं सांगू का, आमच्या सासूबाईसुद्धा मुलांना बारीकशी गोळी द्यायच्या. काय झालं आमच्या मुलांना? दोघं कॉलेजात आहेत."

"तुमच्या सासूबाई मूल उठेपर्यंत शेजारी बसायच्या. इथे कोण बसतं?"

"मग काय करायचं म्हणता? फोटो पेपरात आलाय. बक्षीस आपण दिलंय. आता आपणच सांगायचं का, पोर अफूनं पडली होती म्हणून?"

"हो."

"लोक आपल्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत," इंदुताई म्हणाल्या.

कौशल्याबाईंचा अडकित्ता थांबला. "तुम्ही दमलाय," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "चार दिवस रजा घ्या." आणि त्यांनी आतून चहा मागवला. इंदुताई चहा येण्याआधीच उठल्या. त्या घरात त्यांना श्वास घ्यावासा वाटेना.

त्यांनी पोलिसांत लेखी तक्रार दिली, सोबत दवाखान्याचा कागद. जमादारानं रंगरावाला बोलावलं. रंगराव धुतलेलं धोतर नेसून आला आणि आपल्या म्हाताऱ्या बापाच्या नावाचा अफूचा परवाना टेबलावर ठेवला. बापाला दम्यासाठी मिळत होती, तीच तो वाटत होता.

बाहेर पायरीवर त्यानं इंदुताईंना नमस्कार केला. "बाई, तुमचा माझ्यावर राग हाय. पर आमी काय वंगाळ केलं? पोरं निजत्यात, बाया काम करत्यात, समद्यांचं चालतं. माझी सोताची तीन पोरं त्याच गोळीवर वाढली."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इंदुताईंना वाटलं होतं, हा माणूस क्रूर असेल, निर्ढावलेला असेल. तो तसा नव्हता. मेलेल्या पोरीच्या आईसोबत तो खरंच रडला असणार आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला पुन्हा गोळ्या वाटल्या असणार. त्याच्या पान खाऊन लाल झालेल्या ओठांकडे बघून इंदुताईंना जी किळस आली ती मांडवातल्या घाणीनंही आली नव्हती. त्या पायऱ्या उतरल्या.

रंगरावाला शिक्षा झाली नाही. बापाचा परवाना रद्द झाला आणि दौलतरावांनी त्याला तळेगावच्या दुसऱ्या कामावर पाठवलं. समितीनं इंदुताईंना पत्र पाठवून त्यांच्या सेवेबद्दल आभार मानले आणि पुढे येण्याची गरज नाही असं कळवलं. पण कारखान्याच्या इंजिनिअरसाहेबांच्या कानावर प्रकरण गेलं होतं. उद्घाटनाला मोठी माणसं यायची होती, त्याआधी त्यांना बोभाटा नको होता. त्यांनी दौलतरावांना बजावलं: पोरांसाठी पत्र्याची शेड बांधा, सांभाळायला बाई ठेवा आणि आयांना दिवसातून तीनदा पाजायला सोडा. कारण कसलंही असो, शेड झाली. पिंपरी गावातली सरुबाई नावाची म्हातारी पोरांना सांभाळायला आली. इंदुताई ड्यूटी संपली की रोज तिथे जाऊ लागल्या.

पहिला आठवडा भयंकर गेला. गोळी सुटलेली पोरं दिवसभर किंचाळत, ओकत, हगत. त्यांच्या नाकातून पाणी गळे, अंग थरथरे. सरुबाईच्या लुगड्याचा कोरडा कोपरा उरत नसे. बायका इंदुताईंच्या तोंडावर शिव्या देत. एकीनं पोर त्यांच्या अंगावर जवळजवळ फेकलं आणि म्हणाली, "घे, आता तूच संभाळ. चांगलं निजत व्हतं." इंदुताईंनी पोर घेतलं. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांना कुणाचीही माया आली नाही. त्या फक्त ओलं काढून कोरडं घालत राहिल्या.

हळूहळू बायका बसून ऐकू लागल्या. इंदुताईंनी त्यांना भाषण दिलं नाही. पोर हाताशी घेऊन दाखवलं. भुकेचं रडणं वेगळं, ते थांबून थांबून येतं. पोटात दुखलं तर पाय पोटाशी घेतं. ओलं झालं तर अंग वळवतं. पाजल्यावर खांद्यावर घ्यायचं, मग कुशीवर ठेवायचं. "आणि दुसऱ्या कुणाच्याही हातून," त्या म्हणाल्या, "तो मुकादम असो, सासू असो, मी असो, पोराच्या तोंडात काय जातंय ते विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. समोरचा रागावला तरी विचारायचं."

"मोठ्या मान्सांना कसं इचारायचं?" एकीनं विचारलं.

"जसं मला आता विचारलंस तसं."

बाया हसल्या. इंदुताईंना हसू आलं नाही.

बारातली दोन पोरं पावसाळ्याआधी गेली. एक जुलाबानं, एक तापानं. इंदुताईंना वाटत राहिलं की गोळी इतकी अचानक सोडवायला नको होती, थोडी थोडी करून सोडवायला हवी होती. पुण्याच्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, असं नक्की म्हणता येत नाही. इंदुताईंनी दोन्ही नावं नोंदवहीत लिहिली आणि कारणाच्या रकान्यात जे झालं ते सगळं लिहिलं, ओळ संपून समासात जाईपर्यंत.

कुशाची पोर जगली. जूनमध्ये ती धरून उभी राहू लागली. दात शिवशिवत असावेत, कारण सरुबाईचं बोट तोंडात आलं की कचकन चावे. तिचं रडणं शेडमधल्या सगळ्यांत मोठं होतं, अगदी भिंतीच्या वरपर्यंत ऐकू जाई.

एका दुपारी ती अशीच रडायला लागली. पाजायची वेळ अजून व्हायची होती. वरच्या फळीवर कुशानं घमेलं खाली ठेवलं. नव्या मुकादमानं खालून मनगटावरचं घड्याळ तिला दाखवलं. कुशानं ते बघितलं. ती फळीवरून उतरली, त्याच्या समोरून चालत शेडमध्ये आली, पोरीला उचललं आणि त्याच्याकडे पाठ करून पाजायला बसली.